बी१२ची गोळी सुरू करताय? आधी पाकिटामागचं वाचा

मागच्या वर्षी नवरात्राच्या आसपास आई आणि मी भाजी घेऊन घरी येत होतो. फाटकापाशी पोचलो तर तिच्या एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. म्हटलं, आई, अगं चप्पल कुठंय? तर म्हणते, "आहे की पायात." खाली बघितलं तेव्हा तिला कळलं. चप्पल मागे रस्त्यातच कुठंतरी सुटून पडली होती आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता.

यातली लाजिरवाणी गोष्ट म्हणजे तेव्हा आई तीन महिने रोज 'ताकदीची गोळी' घेत होती आणि ती गोळी मीच आणून दिलेली. पायाला मुंग्या येतात म्हणाली, मी मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप काढून दिली, पैसे दिले, विषय संपला. त्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी तीन महिन्यांत एकदाही वाचलं नव्हतं. नंतर डॉक्टरांकडे, लॅबमध्ये आणि घरी बसून जे काय कळत गेलं ते इथे एका जागी लिहितोय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, पण गोळी आणायला मेडिकलमध्ये जाणारा माणूस बहुतेक घरांत माझ्यासारखाच असतो.

आधी एक घोळ निस्तरू. 'बी व्हिटॅमिन' नावाची एकच वस्तू नाही, ती आठ वेगवेगळी आहेत. बी१, बी२, बी३, बी५, बी६, बी७ म्हणजे बायोटिन, बी९ म्हणजे फोलेट आणि बी१२. आपल्याकडच्या साध्या घरच्या जेवणात, म्हणजे पोळी-भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दही, यात पहिल्या सातांची बऱ्यापैकी सोय होते (दारू जास्त असेल तर बी१ची बोंब होते, तो वेगळा विषय). खरी गोची बी१२ची आहे, कारण ते झाडं बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, ते बनवतात फक्त जिवाणू, आणि आपल्यापर्यंत ते पोचतं मांस, मासे, अंडी, दूध यातून. मोड आलेल्या कडधान्यात नाही, पालकात नाही, आणि ते हिरवं स्पिरुलिना म्हणून विकतात ना, त्यात जे असतं ते बरंचसं बी१२सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं असतं.

आपली गरज किती, तर दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एवढीशी. कपभर दुधात, म्हणजे खऱ्या २५० मिलीच्या कपात, साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, एका अंड्यात अर्ध्याच्या आसपास, आणि दूध परत परत उकळलं की त्यातलंही थोडं जातं. आता 'आमच्याकडे दूध भरपूर' म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या पोटात प्रत्यक्ष किती जातं ते मोजावं. आईचं मी मोजलं. दोन वेळच्या चहात जेमतेम रंग बदलण्यापुरतं दूध, आणि दुपारी पातळ ताक. कोकणात-गोव्यात बांगडा, तारली, तिसऱ्या (शिंपले) असं आठवड्यातून दोन-तीनदा खाणाऱ्याला हा प्रश्न सहसा येत नाही, आणि श्रावण पाळला म्हणूनही काही बिघडत नाही कारण यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. याच साठ्यामुळे कमतरता हळूहळू, वर्षानुवर्षं येते आणि कळत नाही.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून २००६ मध्ये निष्कर्ष छापले, त्यात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं. आणि त्यात सगळ्यात वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची. म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेले आपणच.

पहिली गोष्ट: गोळीच्या आधी रक्त

मी नेमकं उलटं केलं म्हणून ठासून सांगतो. गोळी किंवा इंजेक्शन घेतलं की रक्तातला बी१२चा आकडा वर जातो, मग तपासणी करून मूळ अवस्था काय होती ते कळत नाही. त्यामुळे आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि बी१२ ही दोन करा. रिपोर्टवर आकडा पिकोग्रॅममध्ये येतो. ढोबळमानाने २००च्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे अधलंमधलं, ३००च्या वर बहुतेकदा ठीक, पण प्रत्येक लॅबची रेंज थोडी वेगळी असते. अधलंमधलं आलं आणि त्रास तर आहे अशा वेळी डॉक्टर होमोसिस्टीन नावाच्या रक्तातल्या एका पदार्थाची तपासणी करायला सांगतात, बी१२ पेशींना कमी पडायला लागलं की ते वाढतं. ते उपाशीपोटी करतात.

आईचं बी१२ तीन महिने बी-कॉम्प्लेक्स खाऊनसुद्धा १६४ आलं आणि होमोसिस्टीन ३२, जे साधारण १५च्या आत असावं लागतं. आणि हिमोग्लोबिन? ११.८. म्हणजे बरंच. त्यामुळेच तर आम्ही सगळे निर्धास्त होतो, की रक्त चांगलंय, मग काय. तर लक्षात ठेवा, रक्त ठीकठाक असताना नसा बिघडू शकतात, दोन्ही एकदमच होतं असं नाही. सीबीसीत एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो, बी१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात आणि तो १००च्या वर जातो असं पुस्तकात असतं, पण सोबत लोहही कमी असेल (आपल्याकडे बायकांमध्ये असतंच) तर लोहाची कमतरता पेशी लहान करते आणि आकडा मधेच कुठंतरी निर्दोष दिसतो.

अजून एक. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या खाणं चालू असेल तर ते लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, थायरॉइडसकट बऱ्याच तपासण्यांचे आकडे त्याने चुकीचे येतात. दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात.

कुणी तपासून घ्यावंच

वर्षानुवर्षं शुद्ध शाकाहारी असाल तर तुम्ही. साठीच्या पुढचे, कारण पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातून बी१२ सुटं करायला ते आम्ल लागतं. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असलेले. ॲसिडिटीची ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, महिनोन्महिने घेणारे. जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले. आमची आई पहिल्या चारही रांगांमध्ये बसत होती आणि हे कुणी कधी एकत्र करून बघितलंच नाही, कारण साखरेचे डॉक्टर वेगळे, ॲसिडिटीची गोळी मेडिकलमधून परस्पर. पण म्हणून मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका हां, त्याचा उपाय बी१२ देणं हा आहे.

लक्षणं बघायची तर पायांना मुंग्या, बधिरपणा, जीभ लाल गुळगुळीत, थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड. आपल्याकडच्या गहूवर्णी कातडीवर अजून एक खूण दिसते, हातांच्या बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूने काळसरपणा येतो. आणि एक गोष्ट जी मला डॉक्टरांनी विचारल्यावर आठवली: आई बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की एका हाताने भिंत धरायची. मला वाटायचं वय झालं. पाय कुठे आहे हे सांगणाऱ्या नसा मंदावल्या की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि साबण लावायला डोळे मिटले की झोक जातो. असं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा, कारण नसांच्या बाबतीत उशीर महागात पडतो, जास्त दिवस गेले तर सगळं भरून येईलच असं नाही.

आता पाकिटामागचं

स्ट्रिप उलटी करा. मोबाईलने फोटो काढून झूम करा, नाहीतर दिसत नाही. बी१२ समोर आकडा बघा आणि त्यापुढे एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम आहे की एमजी म्हणजे मिलिग्रॅम ते बघा. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम.

बाजारातल्या बऱ्याच चालत्या बी-कॉम्प्लेक्स गोळ्यांत बी१२ असतं १५ मायक्रोग्रॅम. आता वाटेल की गरज अडीचची, १५ म्हणजे सहापट, बास की. इथेच मेख आहे. जठरातून एक प्रथिन येतं, त्याला इंट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात, ते बी१२ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे ते आत घेतलं जातं, पण या वाटेने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच जातात, मग गाडी फुल्ल. उरलेल्यातलं साधारण एक टक्का नुसतं झिरपून आत जातं. म्हणजे १५च्या गोळीतून हाती दोनच्या आसपास. तब्येत चांगली असलेल्या माणसाला रोजच्या खर्चाला एवढं पुरतं, पण तिजोरी रिकामी झालेल्याला आणि त्यात मेटफॉर्मिनवर असलेल्याला त्याने काय होणार.

आता १५००ची गोळी घ्या. त्याचा एक टक्का म्हणजे १५, तो तर इंट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी आत जातो. म्हणून कमतरतेवर हजार-दीड हजारच्या गोळ्या देतात, आकडा बघून घाबरायचं कारण नाही, बाकीचं तसंच बाहेर पडतं. बी१२चा डोस जास्त होऊन विषबाधा होते असं आढळलेलं नाही, काही जणांना चेहऱ्यावर मुरमं येतात तेवढं.

पण पाकिटावर बाकी काय काय आहे ते बघणं जास्त महत्त्वाचं आहे. 'नसांची गोळी' म्हणून जे मिळतं त्यात बी१२सोबत कधी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन असतं. ही वेगळी औषधं आहेत, मुंग्या-जळजळ दाबणारी, त्याने झोप येते, चक्कर येते, म्हातारं माणूस रात्री बाथरूमला उठून पडू शकतं. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून त्यांची अर्धी स्ट्रिप आणून खाऊ नका. दुसरं बी६. पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन, जास्तीचं लघवीतून जातं, काही होत नाही, असं सगळे म्हणतात ना, ते बी६ला लागू नाही. मोठ्या डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर त्याने स्वतःच नसा खराब होतात, म्हणजे ज्या मुंग्यांसाठी गोळी घेताय त्याच मुंग्या. अमेरिकेत दिवसाला १०० मिलिग्रॅम ही वरची हद्द धरतात आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये आपली हद्द १२ मिलिग्रॅमवर आणली. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर सगळ्यांतलं बी६ मिळवून बेरीज करा. आणि तिसरं फॉलिक ॲसिड.

फॉलिक ॲसिडची गंमत अशी की त्याचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग अभ्यासायला, आणि तिला दिसलं की यीस्टपासून केलेल्या मार्माइटने या बायका सुधारतात. त्यातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. तर हे फोलेट आणि बी१२ रक्त बनवायच्या कामात एकमेकांचे जोडीदार आहेत, त्यामुळे बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. बी-कॉम्प्लेक्समध्ये फॉलिक ॲसिड बऱ्याचदा असतं. आईचं ११.८ बघून मी निर्धास्त झालो त्यात याचाही हात असेल, काय माहीत.

मिथाइल का सायनो

यावर लोक तासन् तास वाद घालतात. ही बी१२चीच दोन रूपं. आपल्याकडे बहुतेक गोळ्या मिथाइलकोबालामिनच्या मिळतात, सायनोकोबालामिन स्वस्त आणि जास्त टिकाऊ आहे, शरीरात गेल्यावर दोन्हींचं रूपांतर करून शरीर हवं ते बनवून घेतं. डॉक्टरांनी जे लिहिलं ते घ्या, डोक्याला ताप करून घेऊ नका. मिथाइलला उजेड सोसत नाही म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढून त्या पारदर्शक आठवड्याच्या डबीत खिडकीत ठेवू नका एवढं मात्र पाळा. जिभेखाली ठेवायची महागडी गोळी गिळायच्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथे मिथाइलकोबालामिन मागून बघा, नाव वेगळं, माल तोच.

कट्टर शाकाहारी घरांसाठी एक सूचना, कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. फूड सप्लिमेंट म्हणून विकतात त्या डब्यांवर हिरवा ठिपका बघता येतो, औषध म्हणून येणाऱ्या स्ट्रिपवर तो सापडेलच असं नाही. आमच्या आत्याने हे कळल्यावर कॅप्सूल फोडून पावडर पाण्यात घातली. त्यापेक्षा साधी गोळी घ्यावी, आणि आतलं बी१२ तर जिवाणूंकडून बनवून घेतलेलं असतं, त्यात मांसाचा संबंध नाही.

इंजेक्शन की गोळी

नसांचा त्रास असेल, आकडा फार खाली असेल किंवा पोटातून शोषणच होत नसेल तर डॉक्टर इंजेक्शनं देतात. आईला आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग रोजची १५००ची गोळी असं दिलं. नुसता आकडा कमी आहे, बाकी त्रास नाही, अशा बऱ्याच लोकांचं मोठ्या डोसच्या गोळीवरही भागतं. पण थकवा आला की कंपाउंडरकडे जाऊन ते लाल इंजेक्शन टोचून घ्यायची काही घरांत पद्धत आहे, रंग बघूनच अर्धं बरं वाटतं बहुतेक! तपासणी न करता असं मधूनमधून टोचत राहिलं की खरी कमतरता कधी नीट सापडतही नाही आणि नीट भरूनही निघत नाही.

गोळी जेवणाआधी की नंतर याने मोठ्या डोसमध्ये फारसा फरक पडत नाही, आई सकाळी नाश्त्यानंतर घेते कारण तेव्हा तिला आठवतं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गडद पिवळी झाली तर ते बी२ आहे, कावीळ नाही. मी पहिल्या दिवशी घाबरून डॉक्टरांना फोन केलेला.

मग काय होतं

थकवा आणि जीभ आधी सुधारतात, दोन-तीन आठवड्यांत. रक्त कमी असेल तर ते भरायला साधारण दोन महिने. नसा सगळ्यात आळशी. आणि मधे एक टप्पा असा येतो की मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारख्या वाटतात, आईला दुसऱ्या आठवड्यात झालं, ती म्हणाली "बंद कर ते, विकत दुखणं आणलंस." डॉक्टर म्हणाले की झोपलेल्या नसा जाग्या होताना असं काही जणांना होतं, थांबा. चौथ्या महिन्यात तिने पहिल्यांदा सांगितलं की फरशी गार लागतेय.

सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी परत रक्त बघतात. तेव्हा बी१२चा आकडा वर आलेला असणारच, गोळी चालू आहे ना, मग पंधराशे-दोन हजार बघून दचकू नका. त्यापेक्षा होमोसिस्टीन किती उतरलं ते जास्त सांगून जातं. आईचं ३२वरून १३वर आलं. गोळी घेत नसताना मात्र बी१२ फार जास्त आलं तर डॉक्टरांना दाखवा, त्याची कारणं वेगळी असतात.

घरात कुणी गरोदर असेल, किंवा दिवस राहावेत असा विचार चालू असेल, तर हे सगळं दुपटीने लागू. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात, त्या घ्यायच्याच, पण शाकाहारी बाईने बी१२ही तपासून घ्यावं. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून आई आणि मुलांचा एक अभ्यास चालू आहे, त्यात ज्या आयांचं गरोदरपणात फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. आणि अंगावर पिणारं बाळ मलूल वाटायला लागलं, हसायचं बंद झालं, मान धरत होतं ती सोडून दिली, तर लगेच बालरोगतज्ज्ञ, आईच्या दुधात बी१२ नसलं तर बाळाला कुठून येणार.

एकदा भरून आल्यावर गोळी सोडून द्यायची का? ज्या कारणाने कमी झालं ते कारण तसंच असेल तर नाही. आईचं मेटफॉर्मिन चालू आहे म्हणून तिची रोजची. माझं स्वतःचं २१२ निघालं (तपासायला गेलो आणि मीही सापडलो), तीन महिने रोज घेतली, आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्याला एक १५००ची. हिशोब वरचाच, एक टक्क्याचे १५ आणि नेहमीच्या वाटेचे दोन, सात दिवसांत वाटले तर दिवसाला दोनच्या वर. आठवड्याची गोळी हमखास विसरते म्हणून ती वाराला बांधायची, मी गुरुवार धरलाय, दत्ताच्या देवळातून आलो की घ्यायची. एखादा गुरुवार चुकलाच तर शुक्रवारी घेतो, पुढच्या वेळी दोन एकदम घेत नाही.